एक कान मोकळा

मित्रांनो, टेबलाखाली शिरून टेलिफोनची वायर शोधण्याची वेळ तुमच्यावर कधी आली असेल, तर तिथला गुंता तुम्हाला आठवत असेल. त्या गुंत्यात काड्यापेटीएवढा एखादा काळा तुकडा लोंबकळत असतो. तो कशाचा आहे हे कुणालाच सांगता येत नाही. काढून टाकावा, तर काहीतरी बंद पडेल अशी धास्ती वाटते. म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. मी तसलाच एक तुकडा आहे. माझे नाव अ‍ॅडॅप्टर. आता मी जुना झालो आहे, माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, आणि आज मला बोलायला थोडी सवड मिळाली आहे.

माझे काम करायला सोपे आणि सांगायला अवघड आहे. जुन्या हेडसेटला, म्हणजे डोक्याला अडकवून ऐकायच्या-बोलायच्या त्या साधनाला, फक्त लाटा समजतात. माणूस मोठ्याने बोलला की मोठी लाट, हळू बोलला की छोटी. यालाच अ‍ॅनालॉग म्हणतात. ऑफिसातल्या नव्या फोनला लाटा समजत नाहीत. त्याला आकडे लागतात, आणि तेही यूएसबीच्या चपट्या खाचेतूनच. थोडक्यात, एकाला फक्त गाणे येते आणि दुसऱ्याला फक्त पाढे. मी दोघांच्या मध्ये बसतो. गाण्याचे पाढे करून इकडे देतो, पाढ्यांचे गाणे करून तिकडे देतो. इकडचे तिकडे करणाऱ्याला माणसांत कुणी चांगले म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी त्यात पदरचे काही घालत नाही, एवढे माझ्या बाजूने सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत झाला. भिंग लावलेल्या दिव्याखाली एक बाई वितळलेल्या कथलाचा एकेक थेंब माझ्या पोटात सोडत होती. थेंब जागेवर बसला की ती हलकेच फुंकर घाली. पुढच्या टेबलावर तपासणी होती. तिथल्या बाईने माझी यूएसबी पिन एका यंत्रात घातली, माझ्या चौकोनी भोकात हेडसेटची वायर अडकवली आणि म्हणाली, "हॅलो, ऐकू येतंय का?" मी ऐकलेले हे पहिले शब्द. पलीकडून कुणीतरी "हो" म्हटले आणि मला खोक्यात बंद केले. त्या दोघींची तोंडेही मला नीट दिसली नाहीत. पण त्या फुंकरीची आणि त्या प्रश्नाची आठवण मी अजून जपून ठेवली आहे.

मी ज्या ऑफिसात आलो, ती लिफ्ट सांभाळणारी कंपनी होती. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्ट तिच्याकडे होत्या. लिफ्ट मध्येच बंद पडली की आतला माणूस भिंतीवरचे लाल बटन दाबी, आणि फोन वाजे तो थेट मावशींच्या टेबलावर. मावशी या त्या टेबलाच्या बाई. ऑफिसात त्यांना सगळेच मावशी म्हणत. साहेबही म्हणत, आणि साहेब तर त्यांच्याहून वयाने मोठे होते.

मावशींची कामाची पद्धत मला त्यांच्या जुन्या हेडसेटने सांगितली. आम्ही पुढे एकाच भोकात संसार केला, त्यामुळे त्याने मला काही सांगायचे ठेवले नाही. तो एका कानाचा होता. एक गादी, एक दांडी, बस. मावशींनी त्या गादीला मऊ सुती कापडाची टोपी शिवली होती. डाव्या कानावर हा हेडसेट, त्यात लिफ्टमधला माणूस. उजव्या कानाशी मोबाइल, त्यात लिफ्टकडे धावणारा मेकॅनिक. मावशी म्हणत, "एक कान अडकलेल्याचा, एक कान सोडवणाऱ्याचा."

त्यांचा एक नियम होता. "पाच मिनिटांत येतोय," असे त्या कधीही सांगत नसत. त्या म्हणत, "अंधारात बसलेल्या माणसाला पाच मिनिटं सांगितली की तो सेकंद मोजतो, आणि मोजणारा माणूस जास्त घाबरतो." त्याऐवजी त्या उजव्या कानात जे ऐकू येई, ते डाव्या बाजूला सांगत. "आता आमचा माणूस गाडी लावतोय. आता जिना चढतोय, धापा टाकतोय बिचारा, लिफ्ट बंद आहे ना. आता वरच्या खोलीचं कुलूप काढतोय. आता तो मोठं चाक हातानं फिरवेल, तुम्हाला जरा हलल्यासारखं वाटेल, घाबरायचं नाही." आणि खरेच लिफ्ट हले. आतल्या माणसाला वाटे, या बाई आपल्या शेजारीच उभ्या आहेत.

आणखी एक सवय होती. जुना फोन रिसीव्हर उचलल्याशिवाय लाइन उघडत नसे. म्हणून घंटी वाजली की मावशी उजव्या हाताने रिसीव्हर उचलत आणि टेबलावर निजवत. तो लाकडावर आपटून समोरच्याच्या कानात खाडकन वाजू नये, म्हणून त्याच्याखाली उशीच्या जुन्या अभ्र्याचा तुकडा असे, चौपदरी घडी घातलेला. रिसीव्हर घडीवर झोपला की आवाज हेडसेटमध्ये जागा होई. इतकी वर्षे हे चालले होते की तो हात आता मावशींना विचारीत नसे. जिना उतरताना पाय विचारतो का?

मग एके दिवशी ऑफिसात नवे फोन आले. काळे, चकचकीत, काचेच्या पाटीचे. त्यांना जुन्या हेडसेटच्या चौकोनी पिनेसाठी जागाच नव्हती. होती ती यूएसबीची एक खाच. त्यासाठी नवे हेडसेट आले, ते दोन्ही कान झाकणारे. मावशींनी तो घातला आणि मोबाइल कुठे लावावा हेच त्यांना कळेना. एक कप मागे सरकवला की दुसराही घसरे आणि बोलायची दांडी कपाळावर येई.

मेकॅनिकांत एक ताडमाड उंच होता, त्याला सगळे लांब्या म्हणत. तो दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, विमान किती वाजता सुटतंय?"

"तू बस आधी, मग सोडते," मावशी म्हणाल्या. "दार बंद करून घे, तुझे पाय बाहेर राहतील."

पण चेष्टा संपली की त्या हेडसेट काढून ठेवत आणि कपाळ चोळत. शेवटी त्यांनी फोनवाल्याला, म्हणजे ऑफिसचे फोन बघायला येणाऱ्या माणसाला, विचारले. तो म्हणाला, "त्यात काय, मधला माणूस बसवू." आणि त्याने पिशवीतून मला काढले. त्या क्षणापासून माझे आयुष्य सुरू झाले असे मी धरतो. त्याने माझी पिन फोनच्या खाचेत घातली, जुना हेडसेट माझ्या भोकात अडकवला आणि मला टेबलाच्या मागे सोडून दिले. मग स्वतःच हेडसेट डोक्याला लावून, स्वतःच्याच मोबाइलवरून फोन केला आणि एक हिरवे बटन दाबले.

"चकाचक," तो म्हणाला. "मावशी, फोन आला की हे हिरवं दाबायचं. बाकी काही नाही."

"हिरवं दाबायचं," मावशी म्हणाल्या. "कळलं."

मित्रांनो, इथून पुढचे दिवस मला आठवले की अजूनही कसेसे होते. फोन वाजे. हिरवे बटन दाबले जाई. एका श्वासापुरता आवाज माझ्या पोटात शिरे, गाणे होऊन हेडसेटपर्यंत पोचेस्तोवर कुणीतरी नळ बंद करावा तसा थांबे. मावशी "हॅलो, हॅलो" म्हणत आणि शेवटी रिसीव्हर कानाला लावून बोलू लागत. मला कारण कळत नव्हते. टेबलामागे लोंबकळणाऱ्याला वर चाललेले हात दिसत नाहीत. मी म्हाताऱ्या हेडसेटला विचारी, तो मला विचारी. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी माझी गत झाली. हेडसेट म्हणे फोन बिघडला, फोन म्हणे हेडसेट जुना, आणि दोघेही बोट दाखवीत ते माझ्याकडे.

फोनवाला पुन्हा आला. त्याने हेडसेट आपल्या डोक्याला लावला, आपल्या मोबाइलवरून फोन केला, हिरवे बटन दाबले. आवाज स्वच्छ आला.

"बटन दाबता ना मावशी?"

"दाबते की."

"मग यायलाच पाहिजे आवाज."

"तुम्ही आलात की येतो, गेलात की जातो. दातांच्या डॉक्टरसमोर दाढ गप्प बसते, तसं आहे हे."

तो हसला आणि गेला. तो आणखी एकदा येऊन गेला, तेव्हाही हेच घडले. मावशींचा डावा हात काय करतो हे त्याने दोन्ही वेळा विचारले. उजवा हात काय करतो, हे कुणाच्याच मनात आले नाही.

रिसीव्हर हातात धरून मावशींचे काम होत नव्हते. एका हातात रिसीव्हर, दुसऱ्याने पत्ता लिहायचा, म्हणून मेकॅनिकशी बोलायला मोबाइल धरायचा तर रिसीव्हर बाजूला ठेवावा लागे. "जरा थांबा हं," असे त्यांना म्हणावे लागे. एकदा लहान मुलाला घेऊन एक बाई लिफ्टमध्ये अडकल्या. मावशींनी "थांबा हं" म्हणून रिसीव्हर खाली ठेवला आणि मेकॅनिकला पत्ता समजावू लागल्या. तेवढ्या शांततेत त्या बाईंना वाटले, फोन तुटला, आता आपल्याला कुणी नाही. त्या बाहेर आल्या त्या रडतच. त्यांच्या घरच्यांनी साहेबांकडे तक्रार केली, की तुमच्या बाई मध्येच गप्प होतात.

मावशी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. बरोबर त्यांची लेक गेली होती. घरात त्या दोघीच. लेक तेव्हा शिकत होती आणि सदान्‌कदा पुस्तकात डोके घालून असे. दुसऱ्या दिवशी मावशी लांब्याला सांगत होत्या, "डॉक्टर म्हणाले, कान खणखणीत आहेत. तर लेक म्हणते, डॉक्टर, मग मी हाक मारली की हिला ऐकू का येत नाही? मी म्हटलं, बाई गं, तू पुस्तकात असलीस की तुलाही कुठं येतं?"

लांब्या हसला. मावशी हसल्या नाहीत. कान चांगले निघाल्यावर आता दोष कुणाला द्यायचा, हे त्यांना कळत नव्हते.

शेवटी साहेब स्वतः टेबलाशी आले. ते वाईट नव्हते. खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ टेबलावरची टाचणी इकडून तिकडे करीत राहिले.

"मावशी, तुम्ही थकलात," ते म्हणाले. "बिलांच्या खोलीत या. खिडकी आहे, गलका नाही. फोनला आपण रेकॉर्ड केलेला आवाज लावू. घाबरू नका, मदत येत आहे, असा. तोच मेकॅनिकला निरोप धाडेल."

"बरा असेल आवाज," मावशी म्हणाल्या. "पण आतल्यानं विचारलं, कुठवर आलाय हो तुमचा माणूस, तर तो काय सांगणार?"

साहेबांनी टाचणी खाली ठेवली. ते उठता उठता म्हणाले, "सोमवारपासून करू या."

"बरं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी रोज वाहून नेत असे, निदान एका श्वासापुरता. इतका सपाट आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

शनिवारी मावशींनी आवराआवर केली. कप, चष्म्याची डबी, कंगवा, पाठीमागची छोटी उशी, सगळे पिशवीत गेले. मलाही त्यांनी टेबलामागून वर काढून ठेवले, तेव्हा त्या मला कचऱ्याच्या टोपलीत टाकतील असे मला वाटत होते आणि त्याचे मला फारसे वाईटही वाटत नव्हते. वाईट वाटत होते ते एवढेच, की आपण नक्की कुठे चुकलो हे न कळताच जायचे. मग मावशींनी रिसीव्हरखालचा तो अभ्र्याचा तुकडा घेतला, नळावर नेऊन साबणाने धुतला आणि घट्ट पिळून आणला. वापरलेली वस्तू धुऊन ठेवायची, ही त्यांची रीत. खुर्चीवर पिशवी होती, खिडकीच्या दांड्यावर कुणाचा तरी रेनकोट वाळत होता. म्हणून त्यांनी तो तुकडा फोनवरच, रिसीव्हरवर पसरला. आणि शेवटचा दिवस म्हणून जुना हेडसेट डोक्याला लावून बसल्या. कामाला नव्हे, नुसत्याच.

तेवढ्यात फोन वाजला.

डाव्या हाताने हिरवे बटन दाबले. उजवा हात नेहमीप्रमाणे रिसीव्हरकडे गेला, त्याला ओले कापड लागले आणि तो थबकला. ओल्या हाताने विजेच्या वस्तूला शिवायचे नाही, हे मावशींनी आयुष्यभर लेकीला बजावले होते; कापड पसरताना मात्र त्यांना ते आठवले नव्हते.

आणि आवाज माझ्यातून वाहू लागला. थांबला नाही. पाढ्यांचे गाणे झाले, गाणे हेडसेटमध्ये गेले, हेडसेटमधून मावशींच्या डाव्या कानात.

"अहो, कुणी आहे का?" एक आजोबा विचारत होते. "मी लिफ्टमध्ये अडकलोय."

मावशी दचकल्या. "आहे, आहे. बोला. एकटेच आहात?"

"एकटाच. म्हणजे मी आणि आइस्क्रीम."

मावशींनी इमारत विचारली, आणि मग सवयीने कापड बाजूला करून रिसीव्हर उचलला. नळ बंद. कानात काही नाही. हातातल्या रिसीव्हरमधून मात्र बारीक आवाज येत होता, "हॅलो? गेलात का?"

मावशी रिसीव्हरकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हिरवे बटन पुन्हा दाबले. आजोबा परत डाव्या कानात आले. रिसीव्हर त्यांनी झोपलेले मूल पाळण्यात ठेवावे तसा जागेवर ठेवला. आजोबा गेले नाहीत.

मित्रांनो, अखेर मलाही तेव्हा कळले. जुना फोन रिसीव्हर उचलल्याशिवाय बोलत नसे. नव्या फोनचा कायदा उलटा होता. रिसीव्हर उचलला की तो समजे, बाईंना हेडसेट नको आहे, आणि सगळा आवाज रिसीव्हरला देई. ना फोन बिघडला होता, ना हेडसेट, ना मी, ना मावशींचे कान. एक हात जुन्या फोनशी इमान राखून होता, एवढेच.

मावशींनी मोबाइल उजव्या कानाला लावला. लांब्या त्याच भागात होता.

"आजोबा, आमचा माणूस निघालाय. घाबरला नाहीत ना?"

"मी नाही घाबरलो. आइस्क्रीम घाबरलंय. पाघळायला लागलंय."

"मग खाऊन टाका."

"नातीसाठी आणलंय हो."

"तिला सांगा, लिफ्टनं खाल्लं."

पलीकडून हसू आले. ते हसू माझ्यातून गेले तेव्हा लाटा कशा उसळल्या म्हणून सांगू. "आता तो गाडी लावतोय," मावशी म्हणाल्या. "आता जिना चढतोय. लांब पाय आहेत त्याचे, दोन-दोन पायऱ्या घेतोय. आता वर पोचला. कुलूप काढतोय. आता चाक फिरवेल हं, जरा हलेल." आणि मग आजोबांचा आवाज, "हललं. हललं बरं का. दार उघडतंय." त्यांच्या मागून एक चिमुकला आवाज आला, "आजोबा, तुमच्या मिशीला काय लागलंय?"

मावशींनी फोन बंद केला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या. दारात साहेब उभे होते. ते कधीपासून उभे होते, मला माहीत नाही.

"मावशी," ते म्हणाले, "तो कप बाहेर काढा. मी चहा सांगतो."

सोमवारी फोनवाला आला. त्याला मावशींनी सगळे करून दाखवले. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "पण हेडसेट असताना रिसीव्हर कोण उचलतं?"

"मी उचलते. जन्मभर उचललाय," मावशी म्हणाल्या. "तुम्ही इतक्यांदा आलात, दर वेळी फोन तुम्हीच घेतलात. एकदा मला घेऊ दिला असतात तर दिसलं असतं."

तो ओशाळला. मग हसत म्हणाला, "पुढच्या ठिकाणी आधी खुर्चीवर माणसाला बसवीन आणि मी मागं उभा राहीन." तो तसे करू लागला, हे मी नंतर त्याच्याच तोंडून ऐकले.

उजवा हात मात्र लगेच सुधारला नाही. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात कशी जाणार? म्हणून मावशींनी तो अभ्र्याचा तुकडा रिसीव्हरच्या खाली न ठेवता वर घातला, दुधाच्या पातेल्यावर घालतात तसा. हात गेला की कापड लागे, कापड लागले की आठवण होई. पुढे आठवणीची गरज उरली नाही, तरी कापड राहिले.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. किती माणसे माझ्यातून बोलली. लग्नाला निघालेला नवरा मुलगा, ज्याला वाटले आता लग्न मोडते. परीक्षेला जाणारी मुलगी, जिला मावशींनी लिफ्टमध्येच धडा म्हणायला लावले. एक जोडपे, जे अडकले तेव्हा भांडत होते आणि बाहेर पडले तेव्हा मावशींच्या चेष्टेला वैतागून त्यांच्याविरुद्ध एक झाले होते. यातल्या कुणालाही माझे नाव ठाऊक नव्हते. मावशींना मात्र मी ठाऊक होतो. आठवड्यातून एकदा त्या टेबलामागे वाकत, माझ्यावरची धूळ पुसत आणि म्हणत, "मधल्या माणसा, आहेस ना रे?" बसल्या जागेवरून इकडचे तिकडे पोचवायचे आणि स्वतः मध्ये दिसायचे नाही. आमचे दोघांचे काम एकच होते, हे मला कळत होते. बहुधा त्यांनाही कळत असावे.

मावशी निवृत्त झाल्या तेव्हा लांब्याने मला आणि म्हाताऱ्या हेडसेटला कापडासकट पिशवीत घातले. "यांना दुसऱ्या कुणाकडे करमायचं नाही," तो म्हणाला. घरी आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलो. बटणे, चाव्या, जुना टॉर्च असे शेजारी होते. तो काळ अंधाराचा होता. विसरलेल्या वस्तूंना दिवस मोजता येत नाहीत, त्यामुळे किती गेले ते मी सांगू शकत नाही.

एके दिवशी झाकण उघडले. लेकीचा हात होता. ती आता मोठी झाली होती, नोकरी करीत होती. मावशी आजारी पडल्या होत्या आणि अंथरुणातून त्यांना उठवत नव्हते. म्हणून लेकीने घरूनच काम करण्याची परवानगी घेतली होती. दिवसभर ती बाहेरच्या खोलीत संगणकासमोर बसून लांबच्या माणसांशी बोले. तिचा हेडसेट दोन्ही कान झाकणारा होता. आतून मावशींनी हाक मारली तरी तिला ऐकू येत नसे. त्या दिवशी मावशी पाण्यासाठी हाका मारून दमल्या होत्या. लेक आत गेली तेव्हा भांडे खाली पडलेले होते आणि मावशी भिंतीकडे पाहत होत्या.

"आई, मला ऐकूच आलं नाही गं," लेक म्हणाली. तिच्या आवाजात काय होते ते मला डब्यातूनही कळले.

"अगं, एवढं काय त्यात," मावशी म्हणाल्या. "तो बिस्किटांचा डबा काढ. त्यात माझा एका कानाचा आहे. मधला माणूसही आहे. तुझ्या त्या संगणकाला चपटी खाच असेल बघ."

खाच होती. लेकीने माझी पिन तिथे घातली. मला वाटले होते, मी विसरलो असेन. पण कुणीतरी पलीकडून विचारले, "हॅलो, ऐकू येतंय का?" आणि माझ्या पोटात पाढ्यांचे गाणे झाले. लेक म्हणाली, "हो, येतंय."

त्यानंतर लेकीच्या डाव्या कानात ऑफिस आणि उजव्या कानात आई. आतल्या खोलीतून मावशी मुद्दाम काहीबाही विचारीत. "काय म्हणतोय तुझा साहेब?" "कुठवर आलंय काम?" लेक बोलण्याची दांडी तळहाताने झाकून उत्तर देई, "आता आकडे सांगतोय, आई. आता शेवटच्या पानावर आलाय. आता संपेल." मावशी आतून म्हणत, "पाच मिनिटांत संपेल असं मात्र म्हणू नको हं." दोघीही हसत. दांडी झाकलेली असली तरी त्या हसण्याच्या बारीक लाटा माझ्यापर्यंत येत. त्या मी पुढे पाठवल्या की नाही, हे विचारू नका.

एका सकाळी लेक कामाला बसली नाही. नंतरही काही दिवस ती बसली नाही. घरात माणसे आली आणि गेली. लांब्याही येऊन गेला. तो दारातून वाकून आत आला आणि लेकीशेजारी बसला. जाताना त्याने टेबलावरच्या मला एका बोटाने सरळ केले.

मित्रांनो, मी कुणाबद्दल तक्रार करण्यासाठी बोलायला बसलेलो नाही. माझ्यावर फुंकर घालणारी बाई, पिशवीतून मला काढणारा फोनवाला, वाळायला घातलेले ओले कापड, आइस्क्रीमवाले आजोबा, यांतले एक जरी नसते तरी मी केव्हाच टोपलीत गेलो असतो. तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरातल्या गुंत्यात माझ्यासारखा एखादा मधला तुकडा असेल, तर फेकण्याआधी तो कुणाला कुणाशी जोडतो ते बघा. काही चालेनासे झाले, तर दोष देण्याआधी माणसाला खुर्चीवर बसवा आणि त्याचे दोन्ही हात बघा. आणि कितीही महत्त्वाचे काम असो, दोन्ही कान एकदम झाकून बसू नका. घरातल्या माणसाची हाक फार मोठी नसते.

लेक आता पुन्हा कामाला बसते. तिला ऑफिसने नवा, भारी हेडसेट पाठवला आहे. त्याचे खोके तिने उघडलेले नाही. सकाळी ती अभ्र्याच्या कापडाने माझ्यावरची धूळ पुसते, म्हातारा हेडसेट डाव्या कानावर चढवते आणि बोलू लागते. आतल्या खोलीचे दार ती उघडेच ठेवते. तिचा उजवा कान मोकळा असतो.